औषध कमी केलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का?

पत्र थोडक्यात: ३१ वर्षांच्या एका भावाने लिहिलंय. घर मराठवाड्यात, तो स्वतः नोकरीला पुण्यात. धाकटी बहीण २४ वर्षांची, बी.एड. करत होती, तिला हॉजकिन लिम्फोमा म्हणजे लिम्फ ग्रंथींचा कॅन्सर निघाला, तिसरी स्टेज. एबीव्हीडी नावाची चार औषधांची केमो चालू आहे, दोन सायकल म्हणजे चार डोस झाले आणि डॉक्टरांनी मध्येच पेट-सीटी करायला लावला. रिपोर्टप्रमाणे छातीतली गाठ ९ सेंटिमीटरवरून ४ वर आलीय, एसयूव्ही (गाठ स्कॅनमध्ये किती चमकते त्याचा आकडा) १४ वरून २.४ वर, आणि शेवटी लिहिलंय 'रेसिड्युअल मास, डोव्हिल स्कोअर ३'. डॉक्टर म्हणाले रिस्पॉन्स छान आहे, आता त्यातलं ब्लिओमायसिन बंद करू, उरलेल्या चार सायकल तीनच औषधांच्या देऊ. घरचे हादरलेत. गाठ अजून ४ सेंटिमीटर आहे आणि औषध कमी करतात म्हणजे काय? मामांचं म्हणणं की डॉक्टर काहीतरी लपवतायत. प्रश्न तीन: दुसऱ्या सेंटरला पेट परत करावा का, चारही औषधांचा हट्ट धरावा का, आणि बहिणीला 'रेसिड्युअल' शब्द सांगावा का? रिपोर्ट सध्या भावाच्या फोनमध्ये आहे, तिला फक्त 'सगळं छान आहे' एवढंच माहितीय.

अरे, वयाने तुझ्या आईएवढी आहे म्हणून अरे-तुरे करते, चालेल ना?

आधी सांगून टाकते, मी डॉक्टर नाही. न्यूक्लिअर मेडिसिन डिपार्टमेंटमध्ये टेक्नॉलॉजिस्ट म्हणून २२ वर्षं काढली, म्हणजे पेशंटला इंजेक्शन द्यायचं, तासभर पडून राहायला लावायचं, मशीनवर घ्यायचं आणि बाहेर बसलेल्या नातेवाईकांच्या "मॅडम काय दिसतंय हो?" ला "डॉक्टर सांगतील" म्हणायचं, हे माझं काम. त्यामुळे तुझ्या बहिणीचा निर्णय मी घेणार नाही, पण तो कशावरून घेतला हे समजवू शकते, आणि तुझं पत्र वाचून मला वाटतं की अडलंय तिथेच.

तू लिहिलंयस, "गाठ अजून आहे". हे वाक्य बरोबर आहे पण तू त्याला जो अर्थ लावलायस तो बरोबर नाही. पेट-सीटी म्हणजे दोन मशीन एकात. सीटी सांगतो गाठ केवढी आहे. पेट सांगतो ती काय करतेय. तुझ्या गावाकडे एखादा मोठा जुना वाडा असेल बघ, बाहेरून केवढा दिसतो, पण आत कोणी राहतं का हे कळायला आपण काय बघतो, महावितरणचं मीटर फिरतंय का ते. पेट म्हणजे ते मीटर वाचणं. एफडीजी नावाची साखर असते, म्हणजे ग्लुकोजच पण त्याला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सर्गी अणू चिकटवलेला. भुकेल्या पेशी ती ओढून घेतात, पण आत गेल्यावर ती पुढे पचत नाही, पेशीतच अडकून बसते आणि तिथून चमकते. कॅन्सरच्या पेशी साखर जरा जास्तच खातात हे ऑटो वॉरबर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच सांगितलं होतं, माणसाला एफडीजीचं पहिलं इंजेक्शन मिळालं १९७६ ला अमेरिकेत, आणि आपल्याकडे पहिला पेट स्कॅनर आला २००२ मध्ये मुंबईला परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. सुरुवातीला आमच्याकडे डोस मुंबईहून गाडीने यायचा, आणि फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी अर्धा होतो, त्यामुळे घाटात ट्रॅफिक लागलं की आम्ही इकडे घड्याळाकडे बघत बसायचो, दोन पेशंटचा डोस रस्त्यातच संपलेला असायचा. असो.

तर मुद्दा मीटरचा. १४ वरून २.४. तुम्ही सगळे ९ आणि ४ कडे बघताय, तुझे डॉक्टर १४ आणि २.४ कडे बघतायत. आणि हॉजकिनमध्ये तर हा फरक फारच महत्त्वाचा, कारण या गाठीत खऱ्या कॅन्सरच्या पेशी अगदी थोड्या असतात, बऱ्याचदा १०० त एखादी. बाकी सगळी जमलेली बघ्यांची गर्दी, म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी आणि त्यांनी तयार केलेलं दोऱ्यादोऱ्यांसारखं टिशू. दोन-चार गुंडांनी चौकात राडा केला की भोवती २०० माणसं जमतात तसं. औषधाने गुंड उचलले की गर्दी शांत होते, म्हणून चमक पटकन जाते, पण चौकातला कचरा, तुटलेल्या खुर्च्या तिथेच राहतात. छातीत तो व्रण कित्येकांना वर्षानुवर्षं दिसतो. 'रेसिड्युअल मास' म्हणजे 'काहीतरी उरलंय' एवढंच, 'कॅन्सर उरलाय' असं नाही. रिपोर्टची भाषा अशी कोरडी असते की वाचणाऱ्याचा जीव जातो, मलाही कधी कधी वाटायचं की या शब्दाखाली एक ओळ मराठीत लिहावी.

आता डोव्हिल. (कोणी ड्यूव्हिल म्हणतं, कोणी दोव्हिल. फ्रान्समधलं समुद्रकाठचं गाव आहे, २००९ मध्ये तिथे लिम्फोमावाले डॉक्टर जमले आणि मधल्या पेटचा रिपोर्ट सगळ्यांनी एकाच मापाने लिहायचा असं ठरलं.) हे ५ पैकी मार्क नाहीत बाबा. तुझ्या मामांनी "पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के" असा हिशोब केला हे वाचून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं, कारण हा हिशोब मी वेटिंग रूममध्ये शेकडो वेळा ऐकलाय. इथे गाठीची चमक त्याच पेशंटच्या शरीरातल्या दोन जागांशी ताडून बघतात, एक छातीतल्या मोठ्या रक्तवाहिनीतलं रक्त आणि दुसरं लिव्हर. चमक नाहीच तर १. रक्ताएवढी किंवा कमी तर २. रक्तापेक्षा जास्त पण लिव्हरपेक्षा जास्त नाही तर ३. लिव्हरपेक्षा जास्त तर ४, खूपच जास्त किंवा नवीन ठिकाणी रोग दिसला तर ५. तुझ्या बहिणीची गाठ २.४, आणि तू रिपोर्टचा फोटो पाठवलायस त्यात लिव्हर २.९ लिहिलंय. म्हणजे तिच्या गाठीपेक्षा तिचं निरोगी लिव्हर जास्त चमकतंय. हॉजकिनच्या मधल्या पेटमध्ये १, २, ३ हे निगेटिव्ह धरतात.

मग औषध का कमी केलं? इथे तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोठं गृहीतक आहे आणि ते आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात असतं, की जास्त औषध म्हणजे जास्त खात्री. सलाईन लावलं म्हणजे चांगला डॉक्टर, नुसती गोळी दिली म्हणजे टाळलं, तसंच. पण केमो दोन्हीकडे कापते. ब्लिओमायसिन फुप्फुसाला त्रास देतं, काहींना कोरडा खोकला, धाप, आणि क्वचित ते इतकं वाढतं की जिवावर बेततं. तुझी बहीण २४ ची आहे, पुढची ५० वर्षं तिला त्याच फुप्फुसांनी वर्गात उभं राहून शिकवायचंय.

आणि हे तुझ्या डॉक्टरांच्या मनात आलं म्हणून केलेलं नाही. रॅथल नावाची मोठी ट्रायल झाली, ब्रिटन, इटली, ऑस्ट्रेलिया, नॉर्डिक देश वगैरे मिळून १२०० च्या वर पेशंट, सगळे पुढच्या स्टेजच्या हॉजकिनचे, २०१६ ला छापून आली. त्यांनी हेच केलं, एबीव्हीडीच्या दोन सायकल, मग पेट. साधारण ८४ टक्के लोकांचा पेट निगेटिव्ह आला. त्यांचे दोन गट पाडले, एकाला चारही औषधं चालू ठेवली, दुसऱ्याचं ब्लिओमायसिन काढलं. तीन वर्षांनी रोग न वाढता असलेले लोक पहिल्या गटात ८५.७ टक्के, दुसऱ्यात ८४.४ टक्के, आणि जिवंत असलेले दोन्हीकडे ९७ च्या वर. फुप्फुसाचा त्रास ज्यांचं औषध काढलं त्यांना कमी. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर आकडेशास्त्राच्या काटेकोर कसोटीवर 'दोन्ही अगदी सारखेच' हे सिद्ध व्हायला केसभर कमी पडलं होतं, पण फरक इतका बारीक आणि फायदा इतका उघड की जगभर ही पद्धत धरली गेली. तुझ्या डॉक्टरांनी हात टेकलेले नाहीत, त्यांनी दोन महिन्यांनी औषधाला विचारलं, "बाबा रे तू चालतोयस का?", उत्तर हो आलं, म्हणून हात आखडता घेतला.

एक बोलून दाखवते, तुला राग येईल कदाचित. तू लिहिलंस की पेटला पाठवलं तेव्हा तुम्ही कोणी विचारलंच नाही कशासाठी, "डॉक्टरांनी लिहिलं म्हणून केला". खरं दुखणं इथून सुरू झालंय. स्कॅनला जायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा असतो, उत्तर असं आलं तर काय कराल आणि तसं आलं तर काय कराल. तो विचारला असतास तर "चांगला आला तर एक औषध कमी करू" हे तुम्हाला आधीच माहीत असतं आणि आज जी बातमी घरात सुतक आल्यासारखी आली ती पेढे वाटायच्या लायकीची वाटली असती. आणि समजा दोन्ही उत्तरांना डॉक्टर म्हणाले "तेच चालू ठेवू", तर मग आता कशाला करायचा हेही विचारता येतं. कारण मधला पेट सगळ्या कॅन्सरमध्ये असाच उपयोगी असतो असं नाही. हॉजकिनमध्ये पक्का बसलाय. जीआयएसटी म्हणून पोटातला एक ट्यूमर असतो, त्यात इमॅटिनिबची गोळी सुरू केल्यावर काही दिवसांतच चमक विझते, गाठ मात्र तेवढीच, कधी थोडी मोठीसुद्धा दिसते, तिथेही मीटरच खरं बोलतं. पण बऱ्याच इतर कॅन्सरमध्ये मधल्या पेटवरून औषध बदलून फायदा होतो असं ठामपणे दिसलेलं नाही, त्यामुळे तुझं पत्र वाचून कोणी आपल्या आईच्या ब्रेस्टच्या केमोमध्ये पेटचा हट्ट धरू नये, आधी डॉक्टरांना तो प्रश्न विचारा.

आता तुझा पहिला प्रश्न, दुसरीकडे पेट परत करावा का. माझं मत, नको. पैसे तर जातीलच, रेडिएशनही परत (एका पेट-सीटीला सीटी कुठल्या प्रकारचा केला त्यावर साधारण ८ ते २५ मिलीसिव्हर्ट, आपल्याला निसर्गातून वर्षाला मिळतं ते जगाच्या सरासरीने २.४ च्या आसपास, म्हणजे घाबरण्याएवढं नाही पण हौसेने घेण्याएवढंही नाही). आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या मशीनवरचे एसयूव्हीचे आकडे पहिल्या मशीनशी ताडता येत नाहीत. इंजेक्शननंतर ६० मिनिटांनी घेतलं की ८० मिनिटांनी, त्या दिवशी शुगर किती होती, एवढ्यानेही आकडा हलतो. दोन रिपोर्टमध्ये २.४ आणि ३.१ आलं की तुमच्या घरात परत महायुद्ध. शंका असेल तर स्कॅन नको, वाचन दुसरं घ्या. पहिल्या आणि आत्ताच्या, दोन्ही स्कॅनच्या सीडी मागून घे (नुसता कागद नाही, सीडी), आणि लिम्फोमाचं काम जास्त करणाऱ्या दुसऱ्या न्यूक्लिअर मेडिसिन डॉक्टरांकडून त्याच चित्रांवर मत घे. त्याला परत इंजेक्शन लागत नाही, खर्चही किरकोळ. पण या घोळात तिसऱ्या सायकलची तारीख पुढे ढकलू नका. मामांचं समाधान होईपर्यंत केमो थांबवणं हे एक औषध कमी करण्यापेक्षा कितीतरी धोक्याचं आहे.

दुसरं मत घेताना हेही विचार की स्कॅन शेवटच्या डोसनंतर किती दिवसांनी झाला आणि मध्ये पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं होतं का. ते दिलेलं असलं की सगळी हाडं आणि स्प्लीन (प्लीहा) उजळून निघतात आणि नवखा वाचणारा गडबडतो. तिच्या रिपोर्टमध्ये "डिफ्यूज मॅरो अपटेक" (म्हणजे हाडांच्या मगजात सगळीकडे पसरलेली चमक) असं वाक्य आहे, त्यावर तू लाल गोल केलायस. बहुतेक तेच असणार, पण माझ्या बहुतेकवर राहू नकोस, डॉक्टरांना विचार.

ज्यांचा ४ किंवा ५ येतो त्यांच्यासाठी दोन वाक्यं, कारण तेही हे वाचत असतील. ४ म्हणजे संपलं असं नाही. पेट साखर खाणाऱ्या पेशी दाखवतो, त्यांची जात दाखवत नाही. टीबीची गाठ चमकते, आपल्या देशात हे विसरून चालतच नाही. न्यूमोनिया चमकतो. तरुण मुलांमध्ये केमोनंतर छातीतली थायमस ग्रंथी परत फुगते आणि चमकते, त्या भीतीने रात्र रात्र न झोपलेले आईबाप मी बघितलेत. म्हणून शंका असली की मोठा निर्णय घ्यायच्या आधी डॉक्टर कधी बायोप्सी करतात, आणि खरंच औषध कमी पडत असेल तर जोरदार केमोकडे जातात. रॅथलमध्येही पेट पॉझिटिव्ह आलेल्यांना बीकॉप नावाची तगडी केमो दिली, तर त्यातल्या साधारण तीन-चतुर्थांश लोकांचा पुढचा पेट निगेटिव्ह आला. पण त्या केमोत इन्फेक्शन जास्त, पुढे मूल होण्यावर परिणाम व्हायची शक्यता जास्त, म्हणून ती 'खात्रीसाठी' कोणी मागून घेऊ नये. तुमच्या मामांना हे वाक्य वाचून दाखव.

तुझा तिसरा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला. बहिणीला सांगावं का?

मला आठवतंय, एक मुलगी यायची, असेल बावीस-तेवीसची. तिचे वडील दर वेळी मला बाजूला घेऊन सांगायचे, मॅडम तिच्यासमोर 'कॅन्सर' म्हणू नका, तिला फक्त गाठीचं इन्फेक्शन माहितीय. वडील पैसे भरायला गेले की ती मुलगी मला म्हणायची, मॅडम बाबांना सांगू नका मला माहितीय, त्यांना त्रास होईल. तीन स्कॅन असे काढले दोघांनी. मी काही बोलले नाही, माझं ते काम नव्हतं, पण आजही वाटतं बोलायला हवं होतं.

तुझी बहीण बी.एड. करणारी मुलगी आहे. तिच्या हातात फोन आहे. पुढच्या वेळी डे केअरला गेल्यावर तिला चारऐवजी तीनच औषधं लागलेली दिसतील. ती लाल औषध ओळखते, काळ्या कव्हरमध्ये गुंडाळून लावतात ते ओळखते, शिरेत जळजळ कुठल्याने होते तेही तिलाच माहितीय, तुला नाही. एक बाटली कमी झालेली तिला कळणार नाही? आणि 'सगळं छान आहे' असं सांगून औषध कमी झालं की तिच्या मनात येईल तेच जे मामांच्या मनात आलं, की माझ्यावर आता उपचार सोडलेत. तू तिला वाईट बातमीपासून वाचवतोयस असं तुला वाटतंय, पण तू तिच्यापासून चांगली बातमी लपवून ठेवलीयस रे.

रिपोर्ट तिचा आहे. तिला दे. शक्य असेल तर पुढच्या ओपीडीला तीच डॉक्टरांसमोर बसेल आणि तू शेजारी बसून लिहून घेशील असं कर. मागे उभं राहून डॉक्टरांना डोळ्यांनी खुणा करू नका, त्या पेशंटला दिसतात, आम्हालाही दिसायच्या. आणि ती म्हणाली की मला आकडे नकोत, दादा तूच बघ, तर तेही ठीक, पण ते तिने ठरवलेलं असू दे.

डॉक्टरांना विचारायचं ते कागदावर लिहून ने, नाहीतर खुर्चीत बसल्यावर सगळं उडून जातं. ब्लिओमायसिनचे चार डोस झालेत तर खोकला-धापेसाठी काय लक्ष ठेवायचं, फुप्फुसाची टेस्ट करायची का. पुढचा पेट कधी. आणि पुढे आयुष्यात कधीही, सिझेरियन असो की अपेंडिक्स, भूल देणाऱ्या डॉक्टरांना "मला ब्लिओमायसिन दिलं होतं" हे सांगायचं, कारण त्या पेशंटना ऑक्सिजन किती द्यायचा याचा ते वेगळा विचार करतात. हे तिच्या फाईलच्या पहिल्या पानावर पेनाने मोठ्या अक्षरात लिहून ठेव.

पैशाचं तू ओझरतं लिहिलंयस, पण कळलं मला. हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्करची केबिन असते, तिकडे लाजत न बसता जा. ट्रस्टचं, म्हणजे धर्मादाय हॉस्पिटल असेल तर १० टक्के खाटा गरिबांना मोफत आणि १० टक्के कमी उत्पन्नवाल्यांना सवलतीत ठेवणं त्यांना महाराष्ट्रात बंधनकारक आहे, उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन जा आणि पेटचंही त्यात काही होतं का ते विचार.

शेवटचा पेट बहुतेक सगळी केमो संपल्यावर सहा-आठ आठवड्यांनी सांगतील. त्याच सेंटरला, त्याच मशीनवर करा. जुनी सीडी सोबत न्या. आदल्या दिवशी तिला जिना चढ-उतार, जड काम नको, नाहीतर मांड्या चमकतात. थंडी वाजू देऊ नका, स्वेटर न्या, कारण बारीक तरुण मुलींमध्ये गारठ्याने मानेतली तपकिरी चरबी पेटते आणि रिपोर्टमध्ये परत एक अवघड ओळ वाढते. इंजेक्शननंतर त्या तासात फोनवर गप्पा नाहीत, च्युइंगम नाही, गळ्याचे आणि जबड्याचे स्नायूसुद्धा साखर खातात. घरात तुझं दोन वर्षांचं बाळ आहे म्हणतोस तर त्या दिवशी रात्रीपर्यंत आत्याच्या मांडीवर नको, पाणी भरपूर प्यायला सांग, दुसऱ्या दिवशी खुशाल घेऊ दे.

आणि चार ते सहा तास उपाशी म्हणजे खरंच उपाशी, फक्त साधं पाणी. आमच्याकडे आषाढात एक आजी यायच्या, "उपाशी या" सांगितलं म्हणून साबुदाण्याची खिचडी आणि वर दोन केळी खाऊन आल्या होत्या, म्हणाल्या "अगं उपासच आहे की माझा". शुगर २३०. डोस तयार होता, गाडीने आलेला, कोणालाच देता आला नाही.